अ‍ॅड्रेनालिन ठाऊक होतं, पण हात दुसरीकडे गेला

प्रश्न

सोळा वर्षं जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून ते थोडक्यात देत आहोत.

'दीड महिन्यापूर्वी एका तरुण रुग्णाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. चार-पाच मिनिटांत त्याला उलटी झाली, घाम फुटला आणि तो खुर्चीतच गळून गेला. अंगावर एकही गांध नव्हती. मला वाटलं, सुईला घाबरून चक्कर आली असेल. सलाईन लावलं, सवयीने हायड्रोकॉर्टिसोन आणि अँटिहिस्टामिन दिलं. त्याला धाप लागली तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अ‍ॅड्रेनालिन कपाटात होतं, पण ते सापडेपर्यंत आणि डोस आठवेपर्यंत बराच वेळ गेला. रुग्ण वाचला. तेव्हापासून सिरिंज हातात घेतली की पोटात गोळा येतो. मी दर वर्षी कॉन्फरन्सना जातो, क्रेडिट पॉइंट्स कधी कमी पडले नाहीत. तरी असं कसं झालं? इमर्जन्सी मेडिसिनचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स करावा असं मनात आहे. एक मित्र म्हणतो, इंजेक्शनं बंदच कर आणि छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला दारातूनच मोठ्या रुग्णालयात पाठव. आणि खरं सांगायचं तर, आमच्या सिस्टरांसमोर पुन्हा पहिलीपासून शिकायला बसायची लाज वाटते. काय करू?'

उत्तर

डॉक्टर, कोर्सचं नंतर बघू. आधी तुमचंच पत्र पुन्हा एकदा वाचा. आदल्या दिवशी कुणी तुम्हाला 'अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत) पहिलं औषध कोणतं?' असं विचारलं असतं, तर तुम्ही क्षणात बरोबर उत्तर दिलं असतं. म्हणजे माहिती होती. गाडी अडली ती तीन ठिकाणी: समोरचा प्रकार ओळखायला उशीर झाला, अँप्युल वेळेवर हाताला लागलं नाही आणि घाईच्या क्षणी डोस आठवला नाही. यातली पहिली गोष्ट थोडीफार ज्ञानाची आहे, उरलेल्या दोन मुळीच नाहीत. वर्षभराचा ऑनलाइन कोर्स तुम्हाला मुख्यतः माहितीच देणार, आणि ती तुमच्याकडे बऱ्यापैकी आहे.

पहिली गोष्ट आधी घेऊ, कारण ती अनेकांची चुकते. गांधी उठल्या नाहीत म्हणून अ‍ॅलर्जी नाही, हा समज घातक आहे. साधारण १० ते २० टक्के अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही, किंवा दिसतं ते बीपी सावरल्यावर. उलटी, पोटात कळ, एकदम गळून जाणं हीही त्याचीच तोंडं. सुईला घाबरून येणारी चक्कर वेगळी असते: नाडी मंद, चेहरा पांढराफटक, आणि आडवं केलं की मिनिट-दोन मिनिटांत माणूस सावरतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा वेगात धावते (कधी मंदही असते, म्हणून एकट्या नाडीवर विसंबू नका) आणि आडवं करूनही माणूस सावरत नाही. औषध नुकतंच गेलेलं आहे आणि बीपी पडलेलं आहे, एवढं दिसलं की पुरे. शंका असली तरी स्नायूत अ‍ॅड्रेनालिन द्यायचं. निरोगी तरुणाला ०.५ मिलिग्रॅम विनाकारण दिलं गेलं, तर काही वेळ छाती धडधडेल, हात थरथरतील, एवढंच. उलट बाजूचा हिशेब मात्र कठोर आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्राणघातक अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या घटना तपासल्या होत्या. रुग्णालयात दिलेल्या औषधांमुळे झालेल्या घटनांत हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ ५ मिनिटं निघाला, कीटकदंशात १५ आणि खाद्यपदार्थांमुळे ३० मिनिटं. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग यातल्या सर्वांत वेगवान गटातला.

मग हात हायड्रोकॉर्टिसोनकडे का गेला? कारण सोळा वर्षांत अंगावर पित्त उठलेले शेकडो रुग्ण तुम्ही याच दोन औषधांवर बरे केलेत. हाताला त्याचीच सवय लागली. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात, आणि अँटिहिस्टामिन खाज कमी करतं, बीपी किंवा श्वासनलिका सावरत नाही. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत अँटिहिस्टामिनला पहिल्या उपचारातून वगळलं आणि स्टेरॉइडचा सरसकट वापरही करू नये असं सांगितलं. डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणात विसरण्याला फारसं स्थान मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. परिषदांमध्ये नवं काय आलं ते झगमगाटात सांगतात. काय टाकून द्यायचं ते एखाद्या स्लाइडच्या तळाशी असतं. हृदय थांबून सरळ रेघ आली असताना अ‍ॅट्रोपिन देण्याची पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० साली काढून टाकली, तरी ते भरायला निघणारे हात अजून भेटतात. तुमच्या दवाखान्यातल्या पाच तातडीच्या प्रसंगांसाठी 'आता हे करायचं नाही' अशी एक चिठ्ठी लिहा. ती 'हे करायचं' या यादीहून जास्त उपयोगी पडेल.

आता ते कपाट. 'अ‍ॅड्रेनालिन कपाटात होतं' या वाक्यात अर्धा प्रश्न आहे. इंजेक्शन जिथे देता तिथून हात लांबवला की पोचेल अशा जागी एक झाकणाचा डबा ठेवा. त्यावर कुलूप नको. आत १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली अ‍ॅड्रेनालिनची तीन अँप्युल्स, १ मिलिलिटरच्या तीन सिरिंज, औषध ओढून घ्यायच्या सुया वेगळ्या, आणि टोचायला २३ गेजच्या, २५ मिलिमीटर लांबीच्या निळ्या सुया. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई चालणार नाही, ती चरबीतच थांबते. खूप जाड मांडीसाठी ३८ मिलिमीटरची एखादी सुई असू द्या. डब्याच्या झाकणाला आतून ठळक अक्षरांत चिकटवा: १२ वर्षांवरील सर्वांना ०.५ मिलि, ६ ते १२ वर्षांना ०.३ मिलि, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना ०.१५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत, ५ मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. डोस आठवायचा प्रश्नच ठेवायचा नाही. विमान चालवणारे वर्षानुवर्षं तेच यंत्र चालवूनही यादी वाचून दाखवतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पूर्ण अँप्युल घाईत शिरेत दिलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. ठोके चालू असलेल्या माणसाला शिरेतून अ‍ॅड्रेनालिन देणं हे मॉनिटरसह काम करणाऱ्या अनुभवी हातांचं काम. दंडात किंवा त्वचेखाली दिलं तर ते सावकाश शोषलं जातं. '१:१०००' आणि '१:१०,०००' या लेबलांनी इतके गोंधळ घातले की अमेरिकेत २०१६ पासून अशा एकेरी औषधांवर गुणोत्तर छापणंच बंद झालं. तुम्हीही मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर याच भाषेत बोला. आणि सर्वांत दुर्लक्षित चूक: रुग्णाला बरं वाटतंय म्हणून उठवून बसवणं, किंवा अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत चालवत नेणं. रक्त पायांकडे उतरलेलं असतं, उभं करताच हृदयाकडे परत येणारं रक्त आटतं आणि माणूस तिथेच कोसळू शकतो. त्याला आडवं ठेवा, पाय उंच करा. धाप लागली असेल तर पाठ टेकवून बसू द्या, पण पाय लांब करून. तुमचा रुग्ण खुर्चीत होता, ते आठवा.

आता सरावाचं. छाती दाबण्यासारखी कौशल्यं तीन ते सहा महिन्यांत गंजू लागतात, आणि बहुतेक प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांची असते. उरलेले दीड वर्ष भिंतीवरचा कागद तेवढा ताजा असतो. म्हणून एका दिवशी आठ तास शिकण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी पंधरा मिनिटं बरी. तुमच्याच खोलीत, तुमच्याच लोकांबरोबर, तुमच्याच डब्याने.

करायचं कसं? दवाखाना उघडण्यापूर्वी सहायकाला खुर्चीत बसवा. त्याने म्हणायचं, 'डॉक्टर, मळमळतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.' सिस्टरांनी घड्याळ सुरू करायचं. तुम्ही मोठ्याने म्हणायचं, 'हे अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे.' नाव उच्चारणं महत्त्वाचं, त्याशिवाय खोलीतले बाकीचे लोक तुमच्या चेहऱ्याकडे बघत थांबतात. मग: 'सिस्टर, अ‍ॅड्रेनालिन शून्य पॉइंट पाच मिलि, मांडीत.' त्यांनी तेच शब्द परत म्हणायचे, 'शून्य पॉइंट पाच मिलि, मांडीत, भरतेय.' आणि दिल्यावर, 'दिलं, नऊ वाजून चार मिनिटं.' तिसऱ्या माणसाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केल्याचं नाटक करायचं आणि पत्ता प्रत्यक्ष बोलून दाखवायचा. पहिल्या तक्रारीपासून सुई उशीच्या 'मांडीत' जाईपर्यंत किती सेकंद गेले ते भिंतीवरच्या कागदावर लिहा. पहिल्यांदा तीन-चार मिनिटं लागली तर दचकू नका. अँप्युलची मान फोडायला हात ओला असतो, सिरिंजचं वेष्टन फाटत नाही, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुणीतरी 'नीट जागी' ठेवलेली असते. हे सगळं सरावातच कळतं. ऑनलाइन व्याख्यानात चावी हरवत नाही.

सरावासाठी सलाईनची अँप्युल्स वापरा, त्यांच्यावर लाल शाईने 'सराव' लिहा आणि सराव संपताच ती खोलीबाहेरच्या पेटीत परत गेली की नाही ते मोजून बघा. सरावाचं पाणी खऱ्या डब्यात राहून जाणं हा धोका काल्पनिक नाही.

नंतरची दहा मिनिटं बोलण्यासाठी. तीनच प्रश्न: काय दिसलं, नाव कधी उच्चारलं, कशाने उशीर झाला. 'कुणी' हा शब्द वापरायचा नाही. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची.

अ‍ॅनाफिलॅक्सिसचा सराव झाला की पुढच्या पंधरवड्यात आकडीचा सराव घ्या. तिथे लोक अडतात ते भीतीमुळे. ५ मिनिटांपेक्षा जास्त चाललेली आकडी आपणहून थांबेल यावर भरवसा ठेवायचा नसतो, तरी श्वास थांबेल या धास्तीने लोराझेपाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचे १-२ मिलिग्रॅम देऊन वाट बघतात. प्रौढाला ४ मिलिग्रॅम शिरेतून हा पूर्ण डोस. शीर मिळत नसेल तर ४० किलोंवरच्या माणसाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम स्नायूत. अर्धवट डोसने आकडीही राहते आणि गुंगीही येते. शेजारी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि बरोबर मापाचा मास्क हवा, हे ओघाने आलंच. आणि आकडी, बरळणं, अर्धांग यांतलं काहीही दिसलं की बोटाची शुगर पहिल्या मिनिटात. साखर कमी असल्याने एक बाजू लुळी पडलेल्याला पक्षाघात समजून पाठवून दिलं जातं, ते एका पट्टीने टळतं. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

छातीतल्या दुखण्याबद्दल तुमच्या मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पाठवायचं तर आहेच, पण ईसीजी काढायला तुमच्याकडे १० मिनिटं आहेत आणि त्या कागदावर पुढची दिशा ठरते. इथे सराव वेगळ्या प्रकारचा लागतो, डोळ्याचा. यासाठी ऑनलाइन साधनं उत्तम. रोज एकच ईसीजी बघा, उत्तर उघडण्यापूर्वी स्वतःचं निदान कागदावर लिहा. मनातल्या मनात 'हां, हेच वाटलं होतं' म्हणणं ही फसवणूक आहे. लिहिलेलं खोडता येत नाही. दोन-तीन नमुने खास घोटवा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला की नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देण्याआधी छातीच्या उजव्या बाजूची व्ही४आर लीड (ईसीजीची जोडणी) लावायची, कारण उजवं वेंट्रिकल गुंतलेलं असेल तर नायट्रेटने बीपी कोसळतं. व्ही१ ते व्ही३ लीड्समध्ये रेघेचा एसटी भाग खाली गेलेला असेल तर पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावून बघायचं. मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या बारा लीड्समध्ये लपतो. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, दुखणं चालूच आहे, तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरा. 'नॉर्मल ईसीजी, अ‍ॅसिडिटी असेल' हे वाक्य एकाच ईसीजीवर बोलायचं नाही.

निदान सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच कुणी वापरतं: पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते विचारणं. एक वही करा. डाव्या पानावर पाठवताना तुम्हाला काय वाटलं ते, उजव्या पानावर दोन दिवसांनी फोन करून कळलेलं अंतिम निदान. तीन महिन्यांनी वही उघडलीत की तुम्ही कशात चुकता ते दिसेल, आणि अभ्यासाचा विषय त्यावरून ठरवा. तो मनाने ठरवू नका असं म्हणतो त्याला कारण आहे. २००६ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःबद्दल केलेलं मूल्यमापन आणि प्रत्यक्ष मोजमाप यांचा मेळ फारसा बसला नाही, आणि सर्वांत मोठी तफावत होती ती कौशल्य कमी पण आत्मविश्वास भरपूर असलेल्यांमध्ये. आपल्याला आवडतो त्याच विषयाच्या व्याख्यानाला आपण पहिल्या रांगेत बसतो. तुमचे क्रेडिट पॉइंट्स कोणत्या विषयांचे आहेत, एकदा काढून बघा.

आता कोर्स. करा, पण दोन दिवसांचा, प्रत्यक्ष हाताने करायचा. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारा: सरावाच्या एका पुतळ्यामागे किती जण? (सहाच्या वर असतील तर तुम्ही बहुतेक वेळ बघतच राहाल.) एकूण तासांपैकी हातात काम किती वेळ? छाती दाबण्याची खोली आणि वेग पुतळा मोजून दाखवतो का? ५ ते ६ सेंटिमीटर आणि मिनिटाला १०० ते १२० हे अंदाजाने जमत नाही, थकल्यावर तर नाहीच. शेवटी नापास होण्याची शक्यता आहे का? नसेल तर तो कोर्स म्हणजे समारंभ. काही महिन्यांनी उजळणी ठेवतात का? मोठ्यांच्या हृदयविकारासाठी एसीएलएस, तुमच्याकडे मुलं जास्त येत असतील तर पीएएलएस, रस्त्यावरचे अपघात येत असतील तर एटीएलएस. हा शेवटचा कोर्स मोठ्या रुग्णालयांसाठीच असतो असं अनेकांना वाटतं, पण त्याची सुरुवात नेमकी उलट आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचं लहान विमान कोसळलं; त्यात पत्नी गेली आणि मुलं जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून ते हादरले, आणि अपघात क्वचितच बघणाऱ्या छोट्या जागेतल्या डॉक्टरांसाठी १९७८ साली तिथे पहिला कोर्स झाला. म्हणजे तो तुमच्यासारख्यांसाठीच बेतलेला आहे.

वर्षभराचा ऑनलाइन कोर्स मला वाईट वाटत नाही. तातडीच्या सेवेतच पुढे काम करायचं मनात असेल तर तो घ्या. आत्ता मात्र तो झालेल्या घटनेचं प्रायश्चित्त म्हणून निवडला जातोय असं पत्रावरून वाटतं, आणि त्या कामासाठी तो लांब आहे.

इंजेक्शनं बंद करण्याचं काय? गोळीने भागतं तिथे इंजेक्शन देऊ नये हे तसंही खरं, आणि या निमित्ताने ती संख्या घटली तर चांगलंच. पण अ‍ॅनाफिलॅक्सिस गोळीनेही होतं, मधमाशीनेही होतं, आणि अशा माणसाला सर्वांत जवळचं दार तुमचंच असणार. इंजेक्शन दिल्यावर माणसाला अर्धा तास समोर बसवून ठेवणं हा जास्त उपयोगाचा नियम.

सिस्टरांसमोरची लाज मला समजते, तरी तिचा हिशेब चुकतोय. त्या दिवशी त्या खोलीतच होत्या. त्यांनी सगळं पाहिलंय, आणि बहुधा त्याही रात्री जाग्या राहिल्या असतील. कपाटात अँप्युल शोधणारे हात कदाचित त्यांचेच होते. पहिल्या सरावाआधी एवढंच म्हणा: 'त्या दिवशी मला ओळखायला उशीर झाला. पुन्हा मी अडलो तर तुम्ही मोठ्याने "अ‍ॅड्रेनालिन देऊ का?" असं विचारा.' हे एक वाक्य त्यांना बोलायची परवानगी देतं, आणि खरा प्रसंग आला की तेच तुम्हाला हलवून जागं करेल. पहिल्या सरावात रुग्ण तुम्ही व्हा आणि पुढाकार त्यांना घेऊ द्या.

एक काम मात्र सरावाची वाट न बघता आज करा. त्या तरुणाला फोन लावा. पत्रात तो वाचला एवढंच लिहिलंय. त्याला कोणत्या औषधाची प्रतिक्रिया आली हे कुणी लेखी दिलंय का, ते कळत नाही. औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), तारीख, काय झालं आणि काय दिलं हे चार ओळींत लिहून त्याच्या हातात द्या, त्याच गटातली आणखी कोणती औषधं टाळायची ते लिहा, आणि अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवा. तुमच्या नोंदीतल्या त्याच्या पानावरही वरच, लाल शाईत.